पुसलेला आकडा

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच कबूल करतो. कबूल केल्याने काही हलकं होत नाही, पण असो.

आमचं काम वाळवंटाखालचा खडक शोधायचं, तोही न खणता. एक यंत्र जमिनीची ओढ मोजतं. खाली गाळ जाड असेल तर ओढ किंचित कमी भरते. दुसरं चुंबकत्व मोजतं. ते खांद्यावर घेऊन आमचा लंबू दर पन्नास मीटरवर थांबत चालतो. संध्याकाळी सगळे आकडे माझ्या तंबूत येतात आणि मी नकाशा काढतो. वाळूखाली जुनी नदी बुजली आहे का, हे त्यावरून ठरतं.

आमच्यात एक रीत आहे. मधलाच एखादा आकडा भलता उसळला, तर तो पुसायचा. खोलवरचा खडक अशी एका जागी उडी मारत नाही. ते लोखंड असतं, फेकलेलं पिंप नाहीतर चालणाऱ्याच्या खिशातली किल्ली. लोखंड म्हणजे आमच्या लेखी कचरा.

माझा सख्खा दादा आमच्याच छावणीची पाण्याची गाडी चालवायचा. मला इथे नोकरीही त्याच्याच ओळखीने लागलेली. त्या सोमवारी वादळ झालं आणि गाडी आलीच नाही. साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं पाठवली. मीही निघालो, तर म्हणाले, तू जाऊन काय उजेड पाडणार आहेस, इथलं काम थांबता कामा नये. मी चडफडत बसलो.

मंगळवारी लंबूचे आकडे आले. रस्त्यापासून बऱ्याच आत, वाळूच्या एका उंच टेकाडाच्या पायथ्याशी एकच आकडा शेजारच्यांपेक्षा आठशेने वर. एक तर दादाचा पत्ता नाही, त्यात हा गलथानपणा! मी लंबूला सगळ्यांदेखत झाडला. खिशात लोखंडाचं दुकान घेऊन फिरतोस का, म्हणालो. त्याने बिचाऱ्याने शपथा घेतल्या, खिसे उलटे करून दाखवले. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणत मी तो आकडा पुसला. मग वहिनीला फोन करून सांगितलं, काळजी करू नका, शोध जोरात चालू आहे.

नऊ दिवस रस्ता पिंजून काढला. दहाव्या दिवशी जेवताना लंबू माझ्यासमोर येऊन बसला. माझं बोलणं त्याच्या मनाला फार लागलं होतं.

"माझ्या अंगावर लोखंड नव्हतं," तो म्हणाला. "मग ते कुठे होतं?"

माझा घास तोंडातच राहिला. टाकी, इंजिन, चाकं, सगळी गाडी लोखंडाचीच की! दादाने जवळची वाट धरली असणार आणि टेकाडाची कड त्याच्यावर ढासळली असणार. इतकी वर्षं जमिनीच्या पोटातलं ओळखायचा पगार घेतला मी, गाढवाने.

आम्ही खणलं. पुरुषभर खोलीवर गाडीचा टप लागला. दादा आतच होता. डॉक्टर म्हणाले, सैल वाळूतून थोडी हवा येत असावी, बुधवारपर्यंत तरी जीव होता.

साहेबांनी त्याच्या वस्तू वहिनीकडे पोचवल्या. मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. फेऱ्यांच्या वहीचं एक पान तिने माझ्यापुढे सरकवलं. अक्षर दादाचं, अंधारात लिहिल्यासारखं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"मंगळवार. वर पावलं वाजली. धाकट्याचीच माणसं. त्याच्या यंत्राला गाडी दिसल्याशिवाय राहायची नाही. आता काढतील."

"भाऊजी, कोणाची पावलं ती?" वहिनीने विचारलं.

खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. सांगणार होतो की दादा लगेच गेला, त्याला त्रास झाला नाही. पण ते पान वाचल्यावर जीभ रेटेना.

"आमच्याच माणसाची. यंत्राला दादा सापडला होता, वहिनी. मी तो आकडा पुसला."

चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"तुम्ही पुसलंत हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

"नाही."

"तेवढं बरं झालं," ती म्हणाली. "आता उठा. आणि परत या घरात येऊ नका."

मी उठलो.