बघितल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे आणि रागावलेली आहे. हातभर लांब, पातळ, पोलादी. टोकाशी दोन खाचा, डोक्याला पिवळी कडी. गाडीच्या इंजिनात तेल किती उरलं आहे, ते मी सांगते. गॅरेजातले लोक मला डिपस्टिक म्हणतात. बाकीचे काहीच म्हणत नाहीत, कारण मी आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. तेल दोन खाचांच्या मध्ये असावं. खाली गेलं तर धोका, वर गेलं तरी वाईट. एवढंच माझं शिक्षण. मग एका निळ्या गाडीत बसून, बोटीने, मी त्रिनिदादला आले. शोरूममधून रेनेल आणि कर्विन या नवराबायकोने ती गाडी घेतली आणि डोंगराची वळणं उतरून लास क्वेव्हासला, समुद्राकाठच्या आपल्या घरी आणली. रेनेल तिथल्या शाळेत शिकवते.

पहिली तीन वर्षं गाडी शोरूमलाच जायची, नाहीतर हमी रद्द झाली असती. तिथे एक म्हातारा मिस्त्री होता. मला ओढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा आत घालून ओढायचा आणि उजेडात धरायचा. “ही बाई खोटं बोलत नाही,” म्हणायचा. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच कौतुक. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कागदाची यादी आली. यादीत माझ्यासमोर बरोबरची खूण असायची. मला मात्र कोणी हात लावलेला नसायचा! एकदा तर तेल वरच्या खाचेच्या बोटभर वर गेलं. मी आत गुदमरत होते. बाहेर गाडी धुऊन, पुसून, चमकवून रेनेलच्या हवाली केली.

त्या दिवशी ती सकाळी सातपासून तीनपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर तिचा पाच महिन्यांचा मुलगा जबारी, वरून एसीचा गार झोत. परतताना लेकराला शिंका सुरू झाल्या.

“आता हमीही संपली,” कर्विन म्हणाला. “तेल मी घरीच बदलतो. त्यात काय मोठंसं?”

रेनेल काळजीखोर आहे. जबारीची छाती वारंवार भरते. मुलांचं रुग्णालय डोंगरापलीकडे, शहरात; मध्ये नुसती वळणं. गाडी म्हणजे तिच्या लेकराचा श्वास. पण त्या खुर्च्या आठवून ती हो म्हणाली.

मित्रांनो, इथे रविवारी एकट्याने कुठलंच काम होत नाही. कर्विनने बदामाच्या झाडाखाली बॉनेट उघडलं मात्र, शेजारचे हॉलिस काका आले. त्यांच्यामागून अँब्रोज कोळी बदक घेऊन आला. चूल पेटली, गाणी लागली. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला. नव्या तेलाचे दोन लिटरचे दोन डबे होते. कर्विनने एक ओतला, तेवढ्यात बदक करपायला लागलं.

“तू जा, पुढचं मी बघतो,” हॉलिस काका म्हणाले. पण तेवढ्यात क्रिकेटवरून वाद पेटला आणि काका डबा विसरून त्यात पडले. कर्विनला वाटलं काकांनी ओतलं. काकांना वाटलं कर्विनने. न फोडलेला डबा गवतात पाहून अँब्रोजला वाटलं उरलाय. इथे उरलेलं सगळ्यांचं असतं. त्याने तो होडीच्या इंजिनासाठी नेला.

रेनेल जबारीला कडेवर घेऊन आली. “पट्टी बघितली का?”

“आल्या मास्तरीणबाई!” काका ओरडले. “पोरांचे पेपर तपासून पोट भरलं नाही, आता आमचा तपासणार!”

“तिघं बाप्ये उभे आहोत अगं,” कर्विन म्हणाला.

सगळे हसले. तीही कसनुशी हसून आत गेली. माझं टोक कोरडं होतं! हात असते तर मी स्वतःच नळीतून बाहेर आले असते.

सोमवारी सकाळी कर्विन पहाटेच्या मॅक्सी टॅक्सीने कामावर गेला होता. जबारीच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. रेनेलने त्याला मागच्या सीटवर बांधलं, किल्ली घातली आणि थांबली. उतरून बॉनेट उघडलं. पिवळी कडी शोधायलाच तिला वेळ लागला. तिने मला ओढलं, खांद्यावरच्या लाळेच्या फडक्याला पुसलं, पुन्हा घातलं, पुन्हा ओढलं.

“काका!”

हॉलिस काका दात घासतच आले. तिने मला त्यांच्या नाकासमोर धरलं.

“अगं पोरी, काल तर…”

“काल काय? कुठाय तेल?”

काकांच्या तोंडातला फेस तसाच राहिला. “मला वाटलं कर्विनने…” मग अँब्रोजने नेलेला डबा आठवून ते अनवाणीच किनाऱ्याकडे पळाले. होडी अजून पाण्यात लोटली नव्हती, हे नशीब. अँब्रोज डबा छातीशी धरून धावत आला. “वहिनी, मला वाटलं…”

“तुम्हा सगळ्यांना वाटलंच!” ती म्हणाली. तेल तिने स्वतः ओतलं. थोडं थांबून मला ओढलं. खात्री पटेना, म्हणून आणखी एकदा ओढलं. मगच निघाली.

डोंगर चढताना इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. रुग्णालयात जबारीला औषधाची वाफ मिळाली; दुपारी तो दूध प्यायला.

संध्याकाळी कर्विन खालमानेने म्हणाला, “पुढच्या वेळी शोरूमलाच नेतो.”

“तिथे तरी कोण बघतं? तेल इथेच बदल. ब्रेकचं काम तिकडे ने, त्यांच्याकडे यंत्रं आहेत. पण दोन्हीकडे शेवटी पट्टी मी ओढणार.”

“म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?”

“तुझ्यावर आहे. तुझ्या रविवारवर नाही.”

आता ती ओढते. अंगणात पुरुष टोमणे मारतात, शोरूममधला तरुण घड्याळ बघतो. तरी ती ओढते. पण आमच्या गल्लीत आणखी अकरा गाड्या आहेत, आणि त्यांतल्या माझ्या बहिणींना कोणी विचारत नाही. म्हणून माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, मला शोरूम चालतं, झाडाखालचं अंगणही चालतं. न बघता ‘झालं’ म्हणणारा माणूस चालत नाही. आज घरी गेलात की बाबांना बॉनेट उघडायला लावा. ते म्हणतील, “परवाच तर केलंय.” काका हसतील. हसू द्या. पट्टी बाहेर येईपर्यंत तिथून हलू नका.