अक्रोडाच्या रंगाची शिंगं

सप्टेंबरात ऑर्विल टेस्डालला आपल्या मक्याच्या कडेला, ओढ्याजवळ, मुंडकं नसलेलं हरण सापडलं, आणि तेव्हापासून त्याच्या नाकातला तो वास काही जाईना. मोठा नर होता. मुंडकं कुणीतरी करवतीने कापून नेलं होतं आणि बाकीचं धूड तसंच टाकून दिलं होतं. पोट फुगून फुटलं होतं आणि आत किडे इतके वळवळत होते की लांबून बघणाऱ्याला वाटावं, जनावर अजून श्वास घेतंय. ऑर्विलचा जन्म हरणं सोलण्यात गेला होता, पण त्या दिवशी तो कुंपणाच्या खांबाला धरून ओकला.

मुंडक्याशिवाय कोण ओळखणार, पण त्याच्या मनाने घेतलं होतं की हा आकड्याच, कुरणातला त्याचा जुना ओळखीचा नर. दर वसंतात आकड्याची गळून पडलेली शिंगं तो कुरणातून उचलून आणायचा आणि पडवीत ओळीने टांगायचा. पांढऱ्या शेपटीच्या नराची शिंगं वर्षाला नवी फुटतात, पण घडण बदलत नाही. आकड्याचा डावीकडचा शेवटचा फाटा आकड्यासारखा आत वळलेला, म्हणून ते नाव, आणि उजव्या शिंगाच्या बुडाशी एक खळगा, बरोबर अंगठा बसेल एवढा. "अजून एक वर्ष वाढू दे त्याला," असं म्हणत ऑर्विलने कितीतरी हंगाम बंदूक खाली ठेवली होती, आणि मुलालाही ठेवायला लावली होती.

त्या रविवारी मार्लिसच्या बारमध्ये त्याने टेबलावर मूठ आपटली. "ज्या कुणी हे केलंय ना, त्याला या दारातून पुन्हा आत येऊ देणार नाही मी. मग तो कुणीही असो. माझा शब्द आहे."

"अगदी बरोबर, बाबा," शेजारी बसलेला त्याचा मुलगा कर्टिस म्हणाला. "असल्यांना फटकावलंच पाहिजे."

ऑक्टोबरात कर्टिसचे हात कोपरापर्यंत काळेतपकिरी झाले होते. अक्रोड गोळा केले म्हणाला, केकसाठी. हिरव्या अक्रोडाच्या सालीचा रंग आठवडेच्या आठवडे निघत नाही, हे त्या दरीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. केक मात्र कुणाच्या घरी आला नाही.

नोव्हेंबरचा शिकारीचा हंगाम संपला त्या रविवारी, दुपारी, मार्लिसच्या मागच्या दालनात नेहमीचं जेवण मांडलं होतं. तिथला रिवाज जुना होता. ज्या हरणाचं मुंडकं भिंतीवर चढायचं, त्याच हरणाचं मांस सगळ्यांच्या ताटात पडायचं. शिंगं मोजायची ती ऑर्विलने. तो मोठ्याने माप सांगायचा आणि मार्लिस फळ्यावर लिहायची. भिंतीवर ऑर्विलच्या बापाने मारलेला नर होता, त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि त्या जागेवर टेस्डाल घराण्याचंच मुंडकं लागावं म्हणून ऑर्विल आयुष्यभर झुरला होता, हे काही लपलेलं नव्हतं.

कर्टिसने शिंगं टेबलावर ठेवली तेव्हा सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. कवटीला धरून असलेली, रुंद, जाडजूड. कातडं भुसा भरायला दिलंय म्हणाला, आणि हरण मारलं ते बायकोच्या काकांच्या रानात, पहिल्याच दिवशी.

"काय रे ऑर्विल, पोराने नाक वर केलं तुझं," म्हातारा गॉर्डी कर्टिसच्या हरणाचं सॉसेज चघळत म्हणाला. "आता तरी एक ब्रँडी पाज. तुझा हात खिशात शिरला की हरवतो."

ऑर्विल हसला. तोंडात त्याच सॉसेजचा घास होता. खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली होती. त्याने पोलादी टेप काढली आणि उजवं शिंग बुडाशी धरलं.

अंगठा खळग्यात जाऊन बसला.

त्याने डाव्या शिंगाकडे पाहिलं. शेवटचा फाटा आखूड होता, कानशीने घासून गुळगुळीत केलेला. आकडा नाहीसा केला होता. आणि रंग? रंग सगळीकडे एकसारखा, पार टोकापर्यंत. नर झाडाच्या सालीवर शिंगं घासतो तेव्हा बुडाला रंग चढतो आणि टोकं घासून घासून पांढरी होतात. ही घासलेलीच नव्हती. ही ऑगस्टमधली शिंगं, हंगामाच्या कितीतरी आधीची, अजून वाढणारी, रक्ताने भरलेल्या मखमली कातडीतली. ती कातडी ओरबाडून काढायची, आतलं कोवळं पांढरं हाड अक्रोडाच्या पाण्यात बुडवायचं, आणि वर बापासमोर आणून ठेवायचं!

ऑर्विलने रुमाल ब्रँडीत बुडवून टोक चोळलं. रुमाल तपकिरी झाला, आणि त्याचा अंगठाही. तोंडातला घास एकदम मोठा झाला. त्याला ओढ्याकाठचं ते फुटलेलं पोट दिसलं, आणि त्याने घास हातात थुंकला.

"हे मांस कुठलं, कर्टिस?"

"याचंच, बाबा. दुसरं कुठलं असणार?"

"याचं मांस किड्यांनी खाल्लं. मी बघितलंय. ताटात काय वाढलंयस तू?"

गॉर्डीने हळूच आपलं ताट पुढे सरकवलं.

"मादी मारली होती एक," कर्टिस खाली बघत म्हणाला. "परवान्यावर. चांगलं मांस आहे."

"आणि आकड्या?"

"कुणीतरी मारलाच असता! पलीकडचं रान शहरातल्या लोकांनी घेतलंय. तुमचं आपलं, अजून एक वर्ष, अजून एक वर्ष. त्या भिंतीकडे बघून तुम्ही उसासे टाकायचात ना? घ्या मग."

"माझ्यावर ढकलू नकोस. लाज नाही वाटत? एवढं जनावर कुजत टाकलंस!"

"लहानपणापासून मला रानात नेलंत," कर्टिसचा आवाज चिरकला. "हा फाटा बघ, तो खळगा बघ. हरणाचं शिंगांखेरीज दुसरं काय दाखवलंत मला, सांगा ना?"

सगळे ऑर्विलकडे बघत होते. शब्द त्याने याच बारमध्ये दिला होता.

"बाहेर हो," तो म्हणाला. "पुन्हा या दारात दिसू नकोस."

कर्टिस शिंगं तिथेच टाकून गेला. मार्लिसने कोरा फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. ऑर्विलने टेप तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "दुसरं कुणी बघ आता मोजायला."

घरी त्याने साबणाने हात धुतले, मग राखेने. अंगठ्यावरचा डाग गेला नाही. पडवीत येऊन त्याने टांगलेली शिंगं एकेक करून उतरवली. सवयीने अंगठा प्रत्येक उजव्या शिंगाच्या खळग्याकडे जात होता आणि प्रत्येक वेळी त्याला शिसारी येत होती. ती आकड्याची होती की त्या रिकाम्या भिंतीची, की स्वतःची, हे त्याने ठरवायचा प्रयत्नही केला नाही. त्याने सगळी पोत्यात भरली, बारमधून आणलेली ती शिंगंही त्यातच कोंबली, आणि उजेड होता तोवर ओढ्याकडे निघाला.

धुडाची आता फक्त हाडं उरली होती, कोल्ह्यांनी इकडेतिकडे ओढलेली. त्याने पोतं त्यांच्यावर उलटं केलं. रानातले उंदीर हाडं-शिंगं कुरतडतात; वसंतापर्यंत हीही संपवतील. त्यांच्या तरी पोटात जाईल काहीतरी.