गाठीभोवतीची गर्दी

"तू बाहेर थांब," वडिलांनी मुलीला दाराकडे बोट दाखवलं आणि डॉक्टरांसमोरची खुर्ची ओढली.

एरवी जावई सोबत यायचा. आज त्याला रजा मिळाली नाही. असल्या जागेचं दुखणं मुलीसमोर बोलणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

ती बाकावर जाऊन बसली. प्रोस्टेटच्या गाठींचे काप रंगवायचे आणि त्यांतल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधायच्या, हेच तिचं प्रयोगशाळेतलं काम. ऑपरेशनमध्ये काढलेल्या वडिलांच्या गाठीचा रिपोर्ट तिने आधीच वाचला होता. घरी मात्र "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळी झाली होती.

दार उघडलं. वडीलच उभे होते.

"आत ये. गाठीभोवती लढणाऱ्या पेशींची गर्दी होती म्हणतायत. मी म्हटलं, वा, आपली माणसं कामाला लागलीत! तर डॉक्टरांचा चेहरा काही खुलेना. आता तूच सांग, तुझा रोजचा धंदा आहे हा."

डॉक्टरांनी तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. बसल्यावर तिने पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"बाबा, सगळ्याच लढत नाहीत. काही फितूर होतात, गाठीलाच पोसतात. तुमच्या गाठीत तशा जास्त होत्या."

"म्हणजे परत उपटणार?"

"उपटेलच असं नाही. पण शक्यता जास्त आहे. रक्त वरचेवर तपासत राहावं लागेल."

"तुला ठाऊक होतं?"

तिने मान डोलावली.

"मग बोलली का नाहीस?"

"तोंडच उघडेना."

वडील हाताच्या नखांकडे बघत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"बाकी कसं काय?" डॉक्टरांनी विचारलं. "लघवीचा काही त्रास?"

या प्रश्नाला वडिलांचं ठरलेलं उत्तर होतं, छे, मजेत. जावयासमोरही तेच. मुलगी पर्स उचलून निघाली.

"बस," वडील म्हणाले.

ती टेकली.

"थांबत नाही हो," ते म्हणाले. "नुसतं खोकलं तरी कपडे ओले होतात. फडकं लावून हिंडतो. म्हणून तर नातीला मांडीवर घेत नाही."

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऑपरेशन झाल्यापासून," वडिलांनी उत्तर दिलं, मुलीकडे बघून.