पवनचक्कीचं पान

“ह्या मेल्याच्या शाईत जीव नाही. गेल्या सालचा मार्कर कसा, एकदा फिरवला की विषय संपला. हा नुसता खरडतोय.”

कुबरा मुकादम मार्कर कानाशी नेऊन हलवत होत्या, नारळात पाणी आहे का बघावं तसा. शेजारी पद्मिनी इतकी चिकटून बसली होती की तिच्या कोपराला त्यांचा कोपर लागत होता. लायब्ररीतलं टेबल बारा जणींचं होतं, पण एसीची हवा त्याच्या एकाच टोकाला येई.

“नवा उघडू का, कुबराआपा?”

“नको गो. आधी ह्याचं आहे ते संपूदे.”

पद्मिनीने पुढचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. “एकशे चौतीस.”

सौदीतल्या राबिघच्या ह्या लहानशा भारतीय शाळेत मुंबईहून पुस्तकांची खोकी दर एप्रिलमध्ये येत. मुलांच्या हातात पडण्याआधी ती लायब्ररीतून जात, आणि लायब्ररीतून जाताना युरोपातले सगळे क्रूस काळे होत. राजाच्या मेजवानीतला दारूचा पेला काळा होई, शेतकऱ्याच्या दारातलं डुक्कर काळं होई. कुबराआपांच्या वहीत पानांचे आकडे लिहिलेले होते. पुस्तकाची आवृत्ती बदलली की त्या दोन दिवस बसून सगळे आकडे नव्याने शोधत. चौदा वर्षं हे चाललं होतं.

आणि काम कसं, तर सोनाराचं. नवऱ्याच्या, मुनाफभाईंच्या छातीचे जुने एक्सरे त्यांनी कापून ठेवले होते. प्रत्येक चित्रासाठी एक तुकडा, आणि त्या तुकड्यात क्रुसाच्या मापाचं भोक. तुकडा चित्रावर ठेवायचा, भोकात मार्कर फिरवायचा, चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरायची म्हणजे समोरच्या पानावर डाग उठत नाही. कळसाखालची रंगीत काचेची खिडकी, दगडातले देवदूत, पायरीवर बसलेला भिकारी, कुणाला धक्का लागत नसे. “उगाच सगळ्या चित्राची माती का करायची? ज्याने काढलं त्याचा जीव गेला असेल त्यात,” असं त्या म्हणत.

मुलं मात्र पान खिडकीशी धरत. उजेडात शाईमागचा क्रूस स्वच्छ दिसे. मध्ययुगात नेमकं काय बघण्यासारखं होतं, हे अकरावीला न शिकवताच कळे.

पद्मिनी खरं तर बी.कॉम. नवऱ्याला, दीनानाथला इथे रिफायनरीत नोकरी लागली तेव्हा घरात बसून वेड लागेल म्हणून ती शाळेत आली, आणि इतिहासाच्या बाई बाळंतपणाला गेल्या तेव्हा त्यांचा तास तिच्या गळ्यात पडला. बाई परत आल्याच नाहीत. पहिलं वर्षभर कुबराआपांनी तिला कपाटांमागे बसवून पुस्तकं वाचायला दिली होती. मठ, यात्रा, संतांची हाडं, पडकी रोमन देवळं, सगळं तिने ह्याच टेबलावर एकटीने शिकून घेतलं होतं. कुणी परीक्षा घेतली नव्हती. मधूनमधून कुबराआपा घेत, तेवढीच.

पूर्वी खोकी अकरा यायची. ह्या वर्षी चार आली. परदेशी कामगारांच्या घरातल्या माणसांमागे सरकारी फी बसली तशी बायकामुलं गावी गेली, आणि नोकऱ्या इथल्याच पोरांना द्यायच्या असं ठरल्यावर त्यांच्यामागून बापही गेले.

दारावर टकटक झाली. शिपाई वहाब मुलींच्या विंगमध्ये आत येत नसे. चहाचा ट्रे बाहेरच्या स्टुलावर ठेवून हाक देई. पद्मिनी ट्रे घेऊन आली. चहासोबत बशीत क्रीमची बिस्किटं होती, आठ.

कुबराआपांनी बशीकडे बघितलं, मग दाराकडे. वहाबची पाठ कॉरिडॉरमध्ये लांब गेली होती.

“हा श्रीवर्धनवाला. चौदा वर्षांत मागून कधी एक बिस्किट दिलं नाही. आज आपणहून आठ? कोण मेलंय?”

पद्मिनी हसली. हसू जरा लांबलं, म्हणून तिने चहा तोंडाला लावला. जीभ भाजली.

रविवारी प्रिन्सिपॉल सरांनी तिला बोलावलं होतं. पंखा चालू असताना ते रुमालाने मान पुसत होते. “तुम्ही दोघी एकाच भाषेच्या,” ते म्हणाले होते. “ऑफिसचं पत्र मुकादमबाईंच्या मनाला लागेल. तुम्ही जरा घरगुती पद्धतीने सांगा. गुरुवारपर्यंत.” मग फाइल मिटता मिटता म्हणाले होते, “तुमचं काँट्रॅक्ट मात्र मी रिन्यू करून घेतलंय. काळजी नको.”

सोमवारी सांगायचं ठरलं होतं, पण कुबराआपांचा दर सोमवारचा रोजा होता. मंगळवारी त्यांचं डोकं दुखत होतं. आज बुधवार.

“काल उझमाचा फोन होता,” कुबराआपा म्हणाल्या. मार्कर चालूच होता. “आता तिला पेशंटची दाढ काढू देतात. आई गो, हात थरथरला म्हणते. मी म्हटलं, थरथरूदे, दाढ पेशंटची आहे, तुझी नाही.”

“तिसरं वर्ष ना?”

“तिसरं. अजून दीड राहिलं. मुनाफचं मोबाइलचं दुकान सरकारने बंद केलं तेव्हाच मी त्याला सांगितलं, तू जा गावाला, आंब्यांची राखण कर. पोरगी डॉक्टर होईस्तोवर मी ही लायब्ररी सोडत नाही.” त्यांनी पावडर भुरभुरली आणि फुंकर मारली. “मोबाइल विकायला इथलीच पोरं पाहिजेत, बरोबर आहे त्यांचं. पण पुस्तकांना चिकट्या लावायला कोण गो येणार?”

पद्मिनीने पुढचं पुस्तक उघडलं. पान चुकीचं निघालं. तिने ते बंद करून पुन्हा उघडलं.

“काहीतरी सांग तुझं ते,” कुबराआपा म्हणाल्या. “गप्प बसून हात चालत नाही.”

“काय सांगू?”

“सांगण्यासारखं तुझ्याकडे काही नाही, असं होईल का?”

पद्मिनीने त्यांच्याकडे बघितलं. त्या एक्सरेचा तुकडा उजेडाला धरून भोक तपासत होत्या.

तिने कॉन्स्टँटिनोपलची गोष्ट काढली. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी तिथल्या बादशहांनी हुकूम काढला, की देवळात माणसाचं चित्र नको. येशूचं नको, मरियमचं नको. मग भिंतीवरची चित्रं खरवडली, कुठे चुना फासला, आणि त्यांच्या जागी नुसता क्रूस काढला. शंभरावर वर्षं हे भांडण चाललं. एक राणी आली की चित्रं परत, एक राजा आला की पुन्हा चुना.

“म्हणजे तिथे चित्र पुसून क्रूस. इथे क्रूस पुसून काळं.”

“हो.”

“आणि जे चित्रं काढायचे, त्यांच्या पोटाचं काय?”

“लिहिलेलं नाही कुठे. काही पळून गेले. बाकीच्यांनीच बहुतेक चुना फासला असेल. भिंती त्यांनाच ठाऊक.”

“दोन्ही हातांना काम मिळालं म्हणायचं.” कुबराआपांनी मार्करचं टोपण लावलं. “नशीबवान मेले.”

दार न वाजवता उघडलं. उस्ताझा मशाइल, म्हणजे इथल्याच एक सौदी बाई, आत आल्या. महिन्यापूर्वी त्या ऑफिसात रुजू झाल्या होत्या. तीसेक वर्षांच्या, चेहऱ्यावरचा पडदा वर सारलेला, हातात कॉफीचा उंच थर्मास. त्यांचं काम काय ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्यांना बसायला टेबलही नव्हतं, म्हणून त्या दिवसभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात आणि लोक उठून उभे राहत.

पद्मिनी उठली. कुबराआपा बसूनच राहिल्या.

मशाइलनी वरचं पुस्तक उचललं. चित्र बघितलं, पान खिडकीकडे धरलं आणि अकरावीच्या पोरीसारख्या हसल्या.

“ह्याच्या आत मी बसलेली आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “ह्याच्याच नाही, अशाच एका. नवऱ्याच्या शिक्षणासाठी आम्ही दोन वर्षं इंग्लंडमध्ये होतो. घरात इतकी थंडी, आणि तिथे फुकट बसू देत. मी बाळाला घेऊन जायची. एक म्हातारी मला बिस्किट द्यायची.” पान त्यांनी पुन्हा सपाट केलं. “हे असं का केलंय?”

“नियम आहे,” कुबराआपा म्हणाल्या.

“कोणाचा?”

“मिनिस्ट्रीचा.”

“कोणतं पत्रक? मला बघायला आवडेल.”

कुबराआपा उठल्या. कपाटातून जाड फाइल काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि बोटाला थुंकी लावून एकेक कागद उलटू लागल्या. गणवेशाचं पत्रक होतं. नमाजाच्या सुट्टीचं होतं. कॅन्टीनमध्ये काय विकू नये ह्याचं होतं. त्या शेवटच्या कागदापर्यंत गेल्या, मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी बोट मंदावलं.

“माझ्याआधी एक हैदराबादच्या बाई होत्या,” त्या अखेर म्हणाल्या. “जाताना मला म्हणाल्या, जपून असा. बस. एवढंच.”

“जपून असा,” मशाइलनी म्हणून बघितलं. “कदाचित असेल तेव्हा. पण कागद नाही?”

“नाही.”

मशाइल पुस्तक चाळत राहिल्या. एका पानावर थांबल्या. मध्ययुगातलं खेडं. नांगर, तळं, मेंढ्या, आणि टेकडीवर एक बुटकी इमारत. तिच्या माथ्यावर काळाकुट्ट, नीट कापलेला ठिपका.

“आणि हे काय झाकलंय?”

पद्मिनीने वाकून बघितलं. हे पान ती दर वर्षी शिकवत आली होती. टेकडीवर काय आहे असं मुलं विचारत, आणि ती सांगे, चर्च असावं. तिने पान उचलून खिडकीशी धरलं. शाईमागे चार पाती दिसली, मधे खिळा.

“पवनचक्की आहे,” ती म्हणाली.

कुबराआपांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पान हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

“चौदा वर्षं,” त्या म्हणाल्या. “पवनचक्की. अगं, दळण दळायची चक्की ती. त्यात कुणाचं काय जात होतं?”

मशाइलना हसू आवरेना. मग त्यांनी कुबराआपांचा चेहरा बघितला आणि हसू थांबवलं. खुर्चीत बसून टेबलावरचं जाड पाकीट ओढून घेतलं. एक्सरेचे तुकडे त्यांच्या मांडीवर सांडले. एकात बरगडी होती. त्यांनी ते मापाप्रमाणे लावायचा प्रयत्न केला, मग वहीतले आकडे बघितले, मग कपाटांच्या रांगा.

“या अल्ला,” त्या म्हणाल्या. “हे सगळं मी गुरुवारपर्यंत कसं शिकणार?”



“गुरुवारी काय आहे?” कुबराआपांनी विचारलं. इंग्रजीत विचारलं, पण मान पद्मिनीकडे वळलेली होती.

मशाइलनीही पद्मिनीकडेच बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

“गुरुवारी इन्स्पेक्शन आहे,” पद्मिनी मराठीत म्हणाली. “लायब्ररीचं. उस्ताझांना सगळं दाखवायचंय, म्हणून सर म्हणाले.” आणि एवढ्यावर थांबता आलं असतं तरी ती म्हणाली, “तुम्ही काळजी नका करू, आपा. नेहमीचंच आहे.”

तिने पुढचं पुस्तक ओढलं, एकशे चौतीसावं पान काढलं, त्यावर तुकडा ठेवला आणि मार्कर फिरवायला लागली. तुकडा सरकला. शाई भोकाबाहेर गेली, खिडकीवर, देवदूतांवर.

कुबराआपांनी तिच्या हातातून मार्कर काढून घेतला. ओरबाडून नाही. लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तसा.

“पद्मिनी,” त्या म्हणाल्या. “माझी नोकरी हिला दिली. एवढंच वाक्य आहे. मला सोमवारी सकाळीच वहाबने सांगितलं, रडत रडत. तीन दिवस मी तुझ्या शेजारी बसलेय. पोरीचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. म्हटलं, आता तरी हिच्या तोंडून निघेल. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर मला सोसलं असतं गो.”

पद्मिनीच्या बोटांना शाई लागली होती. ती बोटं एकमेकांवर घासत राहिली.

मशाइलना मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं. त्या एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. मांडीवरचे तुकडे त्यांनी गोळा करून पाकिटात भरले, पाकीट कुबराआपांच्या बाजूला सरकवलं.

“काय म्हणाल्या त्या?” त्यांनी पद्मिनीला विचारलं.



“सांग तिला,” कुबराआपा म्हणाल्या. “तू मास्तरीण आहेस. सगळ्या जगाचं सांगतेस.”

“आपा…”

“सांग.”

पद्मिनीने वर्गात उभं राहून बोलावं तसे दोन्ही हात टेबलावर टेकले.

“त्या म्हणतात, त्यांची नोकरी तुम्हाला दिलेली आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “आणि मला ते रविवारपासून माहीत होतं.”