शेपटीवरचा निळा पट्टा

मी एक म्हातारी पांढरी उंदरीण आहे, मित्रांनो. वय वर्षे दोन. हसू नका, आमच्यात एवढं वय म्हणजे फार झालं. माझा जन्म प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात झाला. आमच्या घराण्यात मधुमेह पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि त्यासाठीच आम्हाला पाळलंय. दहा बहिणींतल्या सात-आठ जणींना तो गाठतोच. उरलेल्या कशा सुटतात, हे डॉक्टरबाई शोधतात. मीही शोधते. जिथे तिथे नाक खुपसायची खोड मला जन्मापासूनचीच.

त्या खोडीनेच घात केला. एका संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघी बहिणींच्या रक्ताचा थेंब तपासला. बहिणीची साखर खूप वाढली होती. ओळखू यावी म्हणून त्यांनी तिच्या शेपटीवर निळ्या पेनाने पट्टा ओढला. हे काय नवीन, म्हणून मी तो चाटून बघितला, आणि चाटता चाटता पुसूनच टाकला. ओली शाई माझ्या शेपटीला लागली ती मात्र राहिली.

सकाळी डॉक्टरबाई इन्सुलिनची सुई घेऊन आल्या आणि त्यांनी मलाच उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या सुईने माझी साखर पार उतरली असती आणि तिकडे बहीण औषधावाचून गेली असती. माझा जीव टांगणीला लागला.

"बाई, थांबा. ही नव्हे," पिंजरे साफ करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "मघापासून बघतेय, ही एकदाही पाण्याला गेली नाही. ती दुसरी मात्र पाण्याची बाटली सोडत नाहीये. खालचा भुसाही तिच्याच कोपऱ्यात ओला आहे."

"तुम्हाला बरं कळलं."

"माझ्या लेकीचं असंच सुरू झालं होतं. मी म्हणत बसले, उन्हाळा आहे, लागते तहान."

डॉक्टरबाईंनी पुन्हा थेंब तपासला. मावशींचं खरं निघालं. सुई बहिणीला मिळाली.

"हिने गोड काय खाल्लं होतं हो?" मावशींनी हळूच विचारलं.

"काहीच नाही. दोघींना रोज तेच कोरडं खाद्य. लहान वयात होणाऱ्या या मधुमेहाचा धोका जन्मतःच अंगात असतो. मग एकीला होतो, एकीला नाही. का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

मावशी स्टुलावर बसल्या. "घरात सगळे मलाच बोलतात. लाडाने गोड चारलंस म्हणून पोरीला झालं, म्हणतात. मलाही तेच वाटायचं." त्यांनी पदराने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं म्हणून बरंही वाटलं.

बहीण त्या सुईवर आणखी पाच महिने जगली. मला आजार का झाला नाही, हे मी अजून स्वतःला विचारते.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणी मैत्रीण जेवणाआधी सुई टोचून घेत असेल. तिला 'किती गोड खाल्लंस?' असं विचारू नका. विचारायचंच असेल तर 'दुखतं का गं?' एवढंच विचारा.