न दिसणारं रफू

रफूवालीच्या हाताची ख्याती अशी, की गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की आधी भांडायचं, "बाई, हा माझा नव्हेच! माझा तर फाटका होता." कापडाच्याच दुमडीत दडलेला धागा ती हळूच ओढून घ्यायची आणि त्यानंच भोक विणून काढायची. कापडाची जखम, कापडाचंच रक्त.

हीच कला तिच्या मुळावर उठली होती.

"पुरावा काय दाखवणार?" वकीलबाईंनी विचारलं होतं. दाखवायला काही नव्हतं. अंगावरचे वळ अंगानं पुसले, आणि अंगावरचे कपडे हिनं सांधले. शेजारीण दार वाजवायच्या आत बाही जागच्या जागी, कॉलर जागच्या जागी, आणि ओठांवर हसूही जागच्या जागी. चौदा वर्षं.

आता घटस्फोटाचा अर्ज समुपदेशक मॅडमच्या एका कागदावर अडला होता. कागदावर दोन चौकोन होते. 'किरकोळ मतभेद' वर खूण झाली, तर सहा महिने नवऱ्याच्या घरी परत जाऊन पुन्हा प्रयत्न करायचा. 'हिंसा' वर झाली, तर अर्ज थेट न्यायाधीशांपुढे, आणि तोवर मुक्काम थोरल्या बहिणीकडे. सहा महिने म्हणजे किती रात्री, हे तिनं बोटांवर मोजायला घेतलं होतं आणि मध्येच सोडून दिलं होतं.

मॅडमच्या खोलीत एक फळा टांगलेला होता : 'या वर्षी जुळवलेले संसार – ४९.' पन्नासाव्याला प्रशस्तिपत्र मिळणार होतं. त्याची चौकट मॅडमनी आधीच आणून भिंतीला टेकवून ठेवली होती, रिकामी. सोफा मुद्दाम आखूड होता. जवळ बसलं की जवळीक येते, असं मॅडमचं शास्त्र. नवरा ऐसपैस बसला. रफूवाली उभीच राहिली.

नवरा वजनमापं तपासणारा निरीक्षक. तो बाजारात शिरला की तराजू आपोआप सरळ व्हायचे. दाण्याइतका फरक त्याला सोसायचा नाही, मग तो दुकानदाराच्या काट्यात असो की बायकोच्या बोलण्यात. ती 'परवा' म्हणाली की हा 'तेरवा' म्हणणार, आणि ते तिच्याकडून वदवून घेतल्याशिवाय घास तोंडात घालणार नाही.

"किती शांत गृहस्थ आहेत!" मॅडम म्हणाल्या. "माझ्यासाठी दार धरून उभे राहिले. अहो बाई, कुरबुर कोणाकडे नसते? आमचे हे तर रिमोट फेकतात."

"कुणाच्या अंगावर?"

"सोफ्यावर."

"मग सोफ्याला विचारून या, मॅडम."

नवरा समजूतदारपणे हसला. मॅडमचं पेन पहिल्या चौकोनाकडे निघालं.

रफूवालीनं पिशवीतून स्वतःचा राखाडी कोट काढून टेबलावर पसरला. मॅडमनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. "अगदी नवा आहे की!"

"तेच तर दुखणं आहे," ती म्हणाली, आणि तिनं छोटी कात्री काढली.

स्वतःचं रफू स्वतः उसवणं सोपं नसतं. एकेक टाका लपून बसलेला, जणू माहेरी आलेली लेक परत जायला नको म्हणतेय. खांद्याशी बाही सुटली, लोंबू लागली.

"ही दोन वर्षांपूर्वीची. मी ताईकडे निघाले होते, यांनी दारातून आत ओढलं."

"खिळ्यात अडकली असेल," नवरा मॅडमना म्हणाला. "धांदरट आहे जरा."

"असेल हो," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर फळ्यावर.

कात्री कॉलरकडे वळली. टाके सुटले, कॉलर मानेपासून दुभंगली.

"ही गेल्या वर्षीची. दूध उतू गेलं म्हणून कॉलर धरून भिंतीवर आपटलं. एकदा. मंगळवार होता."

"बुधवार," नवरा म्हणाला.

"मंगळवार," ती म्हणाली.

"अगं, बुधवार! मंगळवारी मी दौऱ्यावर होतो. आणि दूध कुठलं? इस्त्रीनं माझा शर्ट जाळलास. आणि एकदा काय एकदा? दोनदा! मॅडमना चुकीची माहिती कशाला देतेस?"

रफूवाली खाली मान घालून कात्री पुसत होती. चौदा वर्षं ज्याच्यासोबत काढली, त्याचं वजन तिलाही ठाऊक होतं.

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं. चौकटीकडे पाहिलं. मग लोंबत्या बाहीकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "साहेब, लिहून घेते. बुधवार, इस्त्री, भिंतीवर दोनदा. बरोबर?"

निरीक्षकानं कागद ओढून वाचला. "भिंत नव्हे, कपाट," त्यानं खोडून दुरुस्त केलं आणि आता मजकूर बिनचूक झाल्यामुळे समाधानानं खाली सही ठोकली. सहीवरची टिंबं देताना त्याचा हात थांबला. मान वर झाली. पण तोवर मॅडमनी कागद काढून घेतला होता आणि दुसऱ्या चौकोनात खूण उमटली होती.

"कोट शिवणार आता पुन्हा?" मॅडमनी विचारलं.

"छे. न्यायाधीशांना दाखवायचाय."

ती तोच कोट घालून रस्त्यावर आली. बाही लोंबतेय, मानेत वारा शिरतोय. थांब्यावरची एक म्हातारी तिचा दंड हळूच ओढत म्हणाली, "अगं बाई, कोट फाटलाय तुझा."

"दिसतोय ना, आजी?" रफूवाली म्हणाली, आणि बाही आणखी जरा खाली ओढून बहिणीच्या घराकडे चालू लागली.