मावशींच्या खोलीचा ताबा

त्या वृद्धनिवासात एक विचित्र पद्धत होती. कुणाची खोली बदलायची असली, की तो माणूस जेवायला गेल्यावर बदलायची. बिचारा हात धुऊन परत येई, तोवर त्याचा पलंग, कपडे, चष्म्याचं घरसुद्धा दुसऱ्याच मजल्यावर! माणसं कुरकुरत आणि गप्प बसत.

शिवणकाम करणाऱ्या मावशींची खोली खिडकीची. त्या उजेडावर त्यांचं मशीन चाले. ती खोली एका नव्या बाईंना द्यायची ठरलीय, असं कानावर आलं, तेव्हा मावशी जेवायला गेल्याच नाहीत. दारात खुर्ची टाकून बसल्या. सामान उचलायला आलेली माणसं थबकली. पाठोपाठ व्यवस्थापक आले.

"मावशी, मागची खोली किती शांत आहे!"

"शांत आहे आणि अंधारीही. तिथे सुईत दोरा काय वासानं ओवू?"

"पण तुमच्या मुलानं होकार दिलाय."

मुलाला व्यवस्थापकांनी बोलावूनच आणलं होतं. तो पुढे झाला. "आई, कशाला तमाशा? घे ना जमवून. उद्या इथून काढलं तर?"

"काढून तर बघू देत! आणि माझी खोली देणारा तू कोण रे?"

आवाज ऐकून शेजारचे वकीलकाका हातातलं ताट घेऊनच आले. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं भांडलेला माणूस तो, राहवतंय कसलं!

"काय रे बाळ, करारावर सही कुणाची?"

"आईची."

"भाडं कुणाचं?"

"तिच्याच बचतीतलं."

"मग होकार तुझा कसा? तुझ्या घरमालकानं उद्या तुझा पलंग बाहेर काढला आणि म्हणाला, 'तुमच्या आईला विचारलंय', तर काय करशील?"

"पोलीस बोलवीन!"

बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला. आईकडे बघवेना.

"सामानाला हात लावू नका," तो त्या माणसांना म्हणाला. "आई, चुकलो मी. तुला न विचारता हो म्हणालो."

"आता बोललास शहाण्यासारखा!"

तेवढ्यात ताटं घेऊन जमलेल्या घोळक्यातून एका आजींचा बारीक आवाज आला, "अहो, मग माझी हलवलेली खोली?"

"चला, आत्ताच मागू!" मावशी उठल्या. ताटं तशीच टाकून सारेजण कार्यालयाकडे निघाले. व्यवस्थापक भिंतीला टेकून वाट देत होते.

वाचकहो, केस पिकले म्हणून भाडेकरू काही पाहुणा होत नाही. त्याच्या खोलीबद्दल विचारायचं, तर त्यालाच विचारावं. त्याच्या मुलांनाही नाही!